वेबसाइट करून देणारी 'संपूर्ण डिजिटल' सेवा : पाचपैकी दोन तारे, तेही मन मोठं करून

ज्यांच्याकडून ही सेवा घेतली त्यांचं नाव लिहीत नाहीये. त्यांची भीती वाटते म्हणून नव्हे. असे लोक आता तालुक्या-तालुक्याला आहेत, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्या आणि वेबसाइट करून घ्यायच्या बेतात असलेल्या माझ्यासारख्या बायकांसाठी हे लिहितेय. पुरुषांनीही वाचायला हरकत नाही.

आमचं घर आंजर्ल्याला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्या दिवसापर्यंत आम्ही वाडीवर जगत होतो. दीडशे पोफळींतल्या अकरा उभ्या राहिल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात, तोवर खायचं काय, म्हणून मागच्या दोन खोल्यांना संडास-बाथरूम जोडून पाहुणे घ्यायला सुरुवात केली. उकडीचे मोदक, बिरड्याची उसळ, सोलकढी एवढ्यावर पाहुणे परत परत येतात. पण नवे यायचे तर फोनमध्ये दिसायला हवं, असं भाच्याने डोक्यात भरवलं.

पॅकेज १८,००० रुपयांचं. त्यात पाच पानांची वेबसाइट, वर्षाचं होस्टिंग (म्हणजे वेबसाइट इंटरनेटवर ठेवायची जागा), गूगल मॅपवर घराचं ठिकाण टाकणं आणि सणावाराला आमच्या नावाची बारा शुभेच्छापत्रं. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे ५,५००. फोटो काढायला त्यांचा मुलगा आला तो भर आषाढात. पडवीला पावसाची झापं लावलेली, अंगणात शेवाळ, चिऱ्याच्या भिंती भिजून काळ्या पडलेल्या. बिचाऱ्याने चिखलातून हिंडून फोटो काढले, भात-आमटी जेवला आणि जाताना म्हणाला, "काकू, उजेड नाहीये. काही फोटो स्टॉकचे टाकू ना?" स्टॉकचे म्हणजे यांच्याकडे साठवून ठेवलेले असतील, असं मी धरून चालले. "टाक" म्हटलं. माझी चूक म्हणाल तर ती एवढीच, आणि ती मी मान्य करते.

वेबसाइट झाली तेव्हा मी स्वतःच हरखून गेले होते. उघडल्या उघडल्या पानभर फोटो: ओल्या वाळूवर कासवाची तीन पिल्लं, पुढे लाटेचा फेस, आणि वर आमच्या घराचं नाव. दिवाळीनंतर बुकिंग येऊ लागली. फोनवरून तारीख टाकून खोली धरता येते, ती सोय चोख आहे. मॅपवर ठिकाण इतकं बरोबर टाकलंय की पाहुणे थेट आमच्या पाखाडीपाशी येऊन उतरतात, नाहीतर पूर्वी निम्मे जण चुकून कड्यावरच्या गणपतीपर्यंत जाऊन परत यायचे. त्यासाठी पहिला तारा.

मार्चमध्ये, कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला आलेल्यांनी दोन्ही खोल्या भरलेल्या असताना, भाचा आला होता. त्याने मेल उघडून दिला तर स्पॅममध्ये दोन इंग्रजी पत्रं. परदेशातली एक कंपनी, एका छायाचित्रकाराच्या वतीने लिहिलेलं. कासवाचा तो फोटो त्याचा आहे, तुम्ही परवानगीविना धंद्यासाठी वापरलात, चौदा दिवसांत साडेसहाशे युरो भरा. सोबत आमच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यावर तारीख आणि वेळ. साडेसहाशे युरो म्हणजे त्या दिवसाच्या भावाने साठ हजारांच्या घरात. आमचे हे म्हणाले, "युरोपातून कोण येतंय आंजर्ल्याला वसुलीला? सोड." शेजारच्या ग्रुपवर विचारलं तर आठ जणांनी सांगितलं की फसवणूक आहे, डिलीट कर. एकाने तर पोलिसांत जा म्हणून सांगितलं.

मी आधी सेवावाल्यांना फोन लावला. साहेबांचं उत्तर जसंच्या तसं देते: "मॅडम, गूगलवरचा आहे तो. गूगलवरचे फ्री असतात. काढून टाकतो, विषय संपला." तासाभरात फोटो खरंच गेला आणि त्या जागी भाताच्या शेताचा आला. (तोही कुणाचा होता कोण जाणे.) दहा दिवसांनी कंपनीचं तिसरं पत्र आलं, त्यात नवा स्क्रीनशॉट. पानावर फोटो नाही, पण फोटोच्या फाइलचा थेट पत्ता टाकला की तो तसाच उघडतोय! भाच्याने करून दाखवलं तेव्हा कळलं की वेबसाइटच्या मागे फोटोंची एक वेगळी कोठी असते. पानावरून चित्र उतरवलं तरी कोठीतलं तिथेच राहतं, तिथून वेगळं पुसावं लागतं. अठरा हजार घेणाऱ्याला हे माहीत नसेल का? माहीत असणारच. आळस, दुसरं काय.

मग दापोलीला वकिलांकडे गेले. एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, जिन्यावर चपलांचा ढीग. खरं तर हे परीक्षण अर्धं त्यांचंही आहे, आणि त्यांना मी पाचपैकी पाच देते. फी घेतली दोन हजार. पहिल्यांदा त्यांनी विचारलं ते हे की पत्राला मी काही उत्तर दिलंय का. नाही म्हटल्यावर म्हणाले, "चांगलं केलंत. पण पत्र फाडू नका आणि काही पुसूही नका. सेवावाल्याचं बिल, त्याच्याशी झालेलं व्हॉट्सअपचं बोलणं, सगळ्याची छपाई काढून आणा."

त्यांनी कायदा समजावला तो मला कळला तसा सांगते. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. फोटो हा त्यात कलाकृती धरला जातो, मग तो पुरस्कार मिळालेला असो नाहीतर गोठ्यातल्या वासराचा असो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. बटण दाबलं की हक्क जन्मला, आणि तो काढणाऱ्याच्या हयातीभर नि पुढे साठ वर्षं राहतो. फोटोखाली नाव किंवा ते गोल वर्तुळातलं चिन्ह नसलं तरी हक्क जात नाही. आणि माणूस परदेशी असला म्हणून सुटका नाही, कारण कॉपीराइटच्या बर्न नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात आपला देश १९२८ पासून आहे, त्यांच्या फोटोला इथे आणि आपल्या फोटोला तिथे सारखंच संरक्षण.

"म्हणजे मला तुरुंग?" मी विचारलं. पत्रात तशी धमकी होती, आणि सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड, हे कलम ६३ मध्ये खरंच आहे. ते हसले. ते कलम जाणूनबुजून केलेल्या चोरीला लागतं. तुमचं प्रकरण दिवाणी, भरपाईचं. कलम ५५ मध्ये नकळत चूक करणाऱ्याला थोडी सवलतही आहे, पण तिच्यावर फार भिस्त नको म्हणाले. इतका सुरेख फोटो इंटरनेटवर बघून त्याला मालकच नसेल असं वाटलं, हे कोर्टाला पटवणं कठीण. मी म्हटलं, पण फोटो मी टाकलाच नाही, त्या लोकांनी टाकला. त्यावर त्यांचं उत्तर मला अजून टोचतं: "पान तुमचं, नाव तुमचं, धंदा तुमचा. ते तुम्हालाच धरणार. तुम्ही मग सेवावाल्याला धरा."

पण म्हणून सांगतील तेवढे पैसे भरायचे असंही नाही. वकिलांनी कंपनीला चारच ओळींचं इंग्रजी उत्तर लिहिलं. फोटो आता पानावरून आणि कोठीतूनही काढलाय. तो तुमच्या छायाचित्रकाराचाच आहे याचा पुरावा द्या. त्याच्या वतीने पैसे मागायचं अधिकारपत्र दाखवा. आणि साडेसहाशेचा आकडा कुठून आला ते सांगा. चुकलो, माफ करा, असं काहीही नाही. खोटा दावा असता तर इथेच गप्प बसले असते, असं ते म्हणाले, आणि उगाच धमक्या देणाऱ्याविरुद्ध उलट दावा लावायची सोयही याच कायद्यात कलम ६० मध्ये आहे. पण हे गप्प बसले नाहीत. आठवड्यात सहीचं अधिकारपत्र आलं, छायाचित्रकाराच्या स्वतःच्या पानाचा पत्ता आला, आणि त्यावर तीच तीन पिल्लं. पण तिथे चौथंही होतं. आमच्या पानावर बसवायला सेवावाल्यांनी फोटो उजवीकडून कापला होता.

ते चौथं पिल्लू बघितल्यावर माझा राग थोडा निवळला, खोटं कशाला बोलू. कुणीतरी वाळूवर पोट टेकून, ओलं होऊन तो काढला असणार.

याच सुमारास आमच्या किनाऱ्यावरची कासवांची घरटी राखणारा कासवमित्र सकाळचा चहा घ्यायला ओटीवर आला होता, त्याला तो फोटो दाखवला. क्षणभर फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "वहिनी, पण हे आपलं कासव कुठाय?" आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले. त्यांचं पिल्लू वरून-खालून सारखंच, करड्या-काळ्या रंगाचं, ओल्या कोळशासारखं. फोटोतल्या पिल्लांच्या वल्ह्यांना आणि पाठीच्या कडेला पांढरी किनार होती, जरीची असते तशी बारीक. ती हिरव्या कासवाची पिल्लं, म्हणजे जातच वेगळी. आठ महिने आम्ही पाहुण्यांना दुसऱ्याच कासवाचं आमंत्रण देत होतो, आणि ते बघून खास कासवांसाठी आलेल्या मुंबई-पुण्याच्या एकालाही कळलं नव्हतं, ही आमची अब्रू राहिली म्हणायची.

त्या रात्री भाच्याने वेबसाइटवरचे तेवीसच्या तेवीस फोटो तपासले. हे कुणालाही जमतं, मला जमलं. फोनवर फोटो दाबून धरायचा, गूगल लेन्सने शोध म्हणायचं, तोच फोटो आणखी कुठे कुठे आहे ते पुढ्यात येतं. टिनआय म्हणून दुसरी एक जागा आहे, तिथे निकाल जुन्यापासून लावता येतात, म्हणजे मूळ फोटो कुणी टाकला असावा याचा अंदाज येतो. तेवीसपैकी नऊ परके निघाले. 'आंजर्ल्याची खाडी' लिहिलेल्या फोटोत केरळची हाउसबोट. 'आमचा हापूस' म्हणून तोतापुरी, चोचीसकट. हापूसवाल्या माणसाच्या दारात तोतापुरी! हे तर कॉपीराइटपेक्षा मोठं पाप.

सुवर्णदुर्गाचा फोटो मात्र विकिमीडिया कॉमन्सवरचा निघाला. तिथले फोटो वापरायला पैसे पडत नाहीत, पण बहुतेकांना अट असते: काढणाऱ्याचं नाव आणि परवान्याचं नाव खाली द्यायचं. यांनी काहीच दिलं नव्हतं. आम्ही दोन बारीक ओळी टाकल्या आणि तो फोटो रीतसर झाला. पेक्सेल्स, अनस्प्लॅश अशा ठिकाणी तर नाव देण्याचीही सक्ती नसते. म्हणजे फुकटात आणि सरळ मार्गाने सगळं मिळत होतं, फक्त पाच मिनिटं शोधायला हवं होतं.

सगळ्यात कडी म्हणजे 'आमची पडवी'. झोपाळा, पितळी कड्या, मागे जास्वंद. मला इतके महिने तो फोटो आवडायचा आणि कुठेतरी खटकायचाही, कारण आमच्या झोपाळ्याला लोखंडी कड्या आहेत. मला वाटायचं फोटोत सोनेरी दिसतात. शेवटी गडग्यापलीकडच्या वहिनींनीच फोन बघून सांगितलं, "अगो, ही आमची पडवी!" त्यांच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्याने गूगलवर अभिप्राय देताना टाकलेला फोटो या लोकांनी उचलला होता. मी वहिनींची माफी मागायला लागले, तर भाचा म्हणतो, "आत्या, पडवी त्यांची असली तरी फोटो त्या पाहुण्याचा. परवानगी त्याची लागणार." वहिनींना हे अजिबात पटलेलं नाही. त्यांच्या मते झोपाळा त्यांचा तर फोटोही त्यांचाच, आणि या विषयावर आमच्या गडग्यावर अजून चर्चा चालू असते. फोटो मी काढून टाकला.

आता सेवावाल्यांकडे वळते. त्यांना वकिलांचं पत्र गेल्यावर त्यांनी करारातली बारीक अक्षरं दाखवली: 'मजकूर व चित्रांची जबाबदारी ग्राहकाची.' चित्रं मी दिलेली असती तर ठीक होतं. ती तुम्ही आणलीत, आणि 'स्टॉकचे टाकू ना' हे तुमच्याच मुलाने व्हॉट्सअपवरही विचारलेलं, त्याची छपाई माझ्याकडे. मग म्हणाले, पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणात अर्धे वळते करतो. म्हणजे नुकसान भरून घ्यायचं तर पुन्हा यांच्याच दारात जायचं. नको म्हटलं. वकिलांनी सांगितलं होतं की ही सेवेतली त्रुटी आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. मी एवढंच कळवलं की उद्या सकाळी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार आहे. चौथ्या दिवशी खात्यात चौदा हजार जमा. तक्रार करावी लागली नाही, पण नंबर पाठ झाला.

परदेशी कंपनीशी शेवटी दोनशे वीस युरोवर मिटलं. दोन खोल्यांचा धंदा, आठ महिन्यांचा वापर, तसल्याच फोटोचा परवाना दुसरीकडे काही डॉलरांत मिळतो, असं वकिलांनी मांडलं. ते आणखी खाली आले असते का? कदाचित. पण एक अट वकिलांनी सोडली नाही: पैसे भरण्याआधी लेखी हवं की या फोटोचा मागचा सगळा हिशेब मिटला, पुन्हा मागणी नाही. ते पत्र आलं, मगच बँकेत गेले. तिथे परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरताना कारकुनाने विचारलं, "उद्देश काय लिहू?" मी म्हटलं, "कासव." शेवटी त्याने यादीतला कुठलातरी कोड घातला.

आता वेबसाइटवर सगळे फोटो आमचे आहेत. आमचे म्हणजे भाच्याने काढलेले, आणि इथेही वकिलांनी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा. पण फुकटात काढून दिलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. म्हणून भाच्याकडून वहीच्या कागदावर लिहून घेतलं की आत्याच्या धंद्यासाठी हे फोटो वापरायला माझी कायमची परवानगी आहे. त्याने सही करण्याआधी तीन दिवस रोज आंबोळ्या मागितल्या. पाहुण्यांचे फोटो आवडले तर आता व्हॉट्सअपवर विचारते, 'हा वेबसाइटवर टाकू का, खाली नाव काय लिहू?' बहुतेक जण खूश होतात. एका बाईंनी फक्त नाव इंग्रजीत नको, मराठीत हवं, एवढंच सांगितलं.

पहिल्या पानावर हल्ली भाच्याचा फोटो आहे. सकाळी सातच्या सुमाराला हॅचरीतली, म्हणजे कासवाची अंडी राखतात त्या कुंपणातली, टोपली उचलली तेव्हाचा. उजेड कोवळा, थोडा वाकडा आलाय, कडेला कुणाच्या तरी निळ्या चपलेचं टोक दिसतं. पिल्लू एकच, कोळशासारखं काळं, आणि वाळूवर त्याच्या वल्ह्यांच्या दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारखी रेघ. बुकिंग कमी झालेली नाहीत.

दुसरा तारा त्या आषाढात आलेल्या मुलाला. त्याने नंतर स्वतःहून फोन करून, साहेबांना न सांगता, कोठीतले नऊच्या नऊ फोटो पुसून दिले, आणि वर म्हणाला, "काकू, मला महिन्याला अशा दहा वेबसाइट करायला लावतात."

घ्यावी का ही सेवा? बुकिंगची सोय आणि मॅप हवा असेल तर घ्या, पण फोटो तुम्ही द्या, प्रत्येक फोटो कुणाचा ते पैसे देण्याआधी लिहून घ्या, आणि वेबसाइटचं नाव, म्हणजे ते डोमेन, कुणाच्या नावावर नोंदवलंय ते पहिल्याच दिवशी विचारा. आमचं त्यांनी स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलं होतं. ते माझ्या नावावर करून मागितल्याला आता पंधरा दिवस झाले. ट्रान्सफरचा कोड काल आला, व्हॉट्सअपवर, स्क्रीनशॉट काढून, शेवटची चार अक्षरं कापलेली. पुन्हा मागवलाय.